हायरॉक्स डबल्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हायरॉक्स ही बंदिस्त सभागृहात होणारी तंदुरुस्तीची शर्यत. ख्रिश्चन टोएट्झके आणि जर्मनीचा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता हॉकीपटू मॉरिट्झ फ्यूर्स्टे यांनी २०१७मध्ये हॅम्बर्ग येथे तिचा पाया घातला. भारतात ती मे २०२५मध्ये मुंबईत पहिल्यांदा झाली. आराखडा सगळीकडे एकच असतो: १ किलोमीटर धावायचे, मग एक व्यायामप्रकार करायचा, असे ८ वेळा. व्यायामप्रकारांचा क्रमही ठरलेला आहे. १००० मीटर स्कीअर्ग (स्कीइंगसारखे दोर खाली खेचण्याचे यंत्र), ५० मीटर स्लेज ढकलणे, ५० मीटर स्लेज ओढणे, बर्पी मारत ८० मीटर लांब उड्या, १००० मीटर रोइंग, दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चाल, खांद्यावर वाळूचे पोते घेऊन १०० मीटर लंजेस आणि शेवटी १०० वॉलबॉल (बैठक मारून जड चेंडू उंचावरच्या खुणेपर्यंत फेकणे).

डबल्सबद्दलचा, म्हणजे जोडीने उतरण्याच्या गटाबद्दलचा, सर्वांत मोठा गैरसमज नावातूनच येतो: माणसे दोन, म्हणजे काम निम्मे. प्रत्यक्षात वाटून घेता येतात ते फक्त व्यायामप्रकार. धावणे वाटता येत नाही. आठही किलोमीटर दोघांनी बरोबर धावायचे असतात आणि दोघेही पोचल्याशिवाय पुढचे काम सुरू करता येत नाही. हौशी जोड्यांचा साधारण निम्मा वेळ धावण्यातच जातो. तरीही बहुतेकांची तयारी स्लेज आणि वजनांभोवतीच फिरते, कारण चित्रफितीत तेच उठून दिसते. आठवड्यातले तीन दिवस धावण्याला दिल्याने जितका वेळ वाचतो, तितका स्लेजवर घाम गाळून क्वचितच वाचतो.

दुसरा गैरसमज समान वाटणीचा. प्रत्येक प्रकार निम्मा-निम्मा करणे न्याय्य वाटते, पण घड्याळाला न्यायाशी देणेघेणे नसते. समजा, एकाचा किलोमीटरचा सहज वेग साडेचार मिनिटांचा आहे आणि दुसऱ्याचा साडेपाच. मध्य साधून दोघे पाच मिनिटांनी धावले, तर कागदावर ४ मिनिटे वाचतात. मात्र सावकाश धावणारा तिसऱ्या-चौथ्या फेरीतच धापा टाकू लागतो, स्लेजपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि पुढच्या फेऱ्यांत वाचलेला वेळ व्याजासह परत जातो. त्याऐवजी सव्वापाच ते साडेपाचचा वेग धरावा आणि ताज्या दमाने पोचणाऱ्याने व्यायामप्रकारांचा ६० ते ७० टक्के भार उचलावा. वऱ्हाडातल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, जाणकाराला हे वेगळे सांगायला नको. तळेगाव दशासरच्या पटावर नुसता एक तेज बैल घेऊन कोणी उतरत नाही. जोडी जुळलेली नसेल तर एक पुढे ओढतो, दुसरा मागे राहतो आणि धुरकऱ्याचे सारे कसब गाडी सरळ ठेवण्यातच खर्ची पडते.

‘थकलो की बदली’ हे सूत्रही फसवे आहे. पुरता थकून थांबलेल्या स्नायूंना सावरायला वेळ लागतो, आणि पुढचा किलोमीटर तर लगेच समोर असतो. म्हणून बदली थकण्याआधीच घ्यावी लागते. पण प्रत्येक प्रकाराचा हिशेब निराळा. स्कीअर्गची मूठ सोडायला क्षणही लागत नाही, तेव्हा तिथे १५०-२०० मीटरवर बदली परवडते. रोइंगमध्ये पायांचे पट्टे सोडा, उठा, दुसऱ्याने बसून पट्टे आवळा, यात सहज ८-१० सेकंद जातात. तिथे एक किंवा फार तर तीन बदल्या पुरेत. स्लेज ढकलण्याचे अंतर १२.५ मीटरच्या ४ टप्प्यांत असते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला माणूस बदलणे सोयीचे. वाळूचे पोते एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर थेट द्यायचे असते. ही देवघेव सरावात कोणी करतच नाही, आणि नेमकी तिथेच शर्यतीत गडबड होते.

मिश्र जोडीला वजने हलकी मिळतात, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. मिश्र गटात पुरुषांच्या ओपन गटाचीच वजने असतात: ढकलायची स्लेज १५२ किलो, ओढायची १०३ किलो, हातातली वजने २४ किलोची दोन, पोते २० किलोचे. स्त्रियांच्या जोडीला हेच आकडे १०२, ७८, १६ आणि १० असे आहेत. मिश्र जोडीतील स्त्रीने १६ किलोवरच सराव केला असेल, तर २४ किलोची जोडी उचलताच पकड सुटते.

यंत्रे नाहीत म्हणून अमरावती-अकोल्यात तयारी होत नाही, ही तक्रार अर्धीच खरी. स्कीअर्ग आणि रोइंगला पर्याय शोधणे अवघड आहे. त्यांची चव शर्यतीआधी चार-सहा वेळा तरी घ्यायला हवी. बाकीचे गावात मिळते. पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन सुमारे २० किलोचा. असे दोन कॅन दोन्ही हातांत धरून २०० मीटर चालले की पकड कुठे कमी पडते ते कळते. पोत्यात वाळू भरता येते, जुने टायर दोराने ओढता येते. ज्या अमरावतीच्या, १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या अमरावतीत जोर-बैठकांचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. बैठका लंजेस आणि वॉलबॉलला, जोर बर्पीला थेट उपयोगी पडतात. मात्र आखाड्यातली ताकद ८ किलोमीटर धावण्याची जागा घेत नाही.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथे तयार झालेल्याला छपराखालची शर्यत सोपी जाणार, हा तर्कही तपासून घ्यावा. उष्ण हवेत १०-१४ दिवस बेताने सराव केल्यास शरीर रुळते, हे खरे. पण वऱ्हाडचे ऊन कोरडे, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, शरीराचे तापमान वाढत जाते. म्हणून पहिले दोन किलोमीटर नेहमीपेक्षा ५-१० सेकंद सावकाश धावावेत. रात्रभराच्या रेल्वेप्रवासानंतर त्याच सकाळी शर्यतीला उभे राहणे टाळावे.

जोडीने रोज एकत्र सराव करायलाच हवा, असेही नाही. एक जण अकोल्यात, दुसरा अमरावतीत असला तरी आठवड्याचा बराचसा सराव स्वतंत्र चालतो. दर पंधरा दिवसांनी एकदा मात्र एकत्र यावे, आणि त्या दिवशी ठरलेल्या वेगाने धावून लगेच बदल्यांचा सराव करावा. कोण किती करणार हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. शर्यतीत सातव्या किलोमीटरनंतर कोणाचेच डोके हिशेबाला तयार नसते.

शेवटच्या १०० वॉलबॉलना १०-१५च्या खेपा ठरवून घ्याव्यात. बैठक अपुरी राहिली किंवा चेंडू खुणेपर्यंत पोचला नाही, तर पंच तो मोजत नाही आणि तो पुन्हा टाकावा लागतो.