गायनमास्तरांना निरोप देताना

चर्चमध्ये रविवारी सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळ्यांच्या नंतर जाणारा माणूस बहुधा पाळक नसतो, गायनमास्तर असतो. शनिवारी संध्याकाळी तालीम, रविवारी सकाळी पेटीवरचे कापड काढून सूर पाहणे, ऐनवेळी न आलेल्या गायकाची जागा भरणे, लग्नाला एक गीत आणि अंत्यविधीला दुसरे, नाताळच्या आधी महिनाभर मुलांची घोकंपट्टी. बहुतेक लहान मंडळ्यांमध्ये हे काम नोकरी किंवा शेती सांभाळून, मानधनाशिवाय किंवा नावापुरत्या मानधनावर चालते. पंचवीस-तीस वर्षांनी हा माणूस एक दिवस म्हणतो, "आता माझ्याने होत नाही. दुसरे कोणी पाहा."

मग काय होते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उपासनेनंतर शाल, हार, दोन भाषणे, एक फोटो आणि चहा. यात वाईट काही नाही. पण तीस वर्षांची सेवा वीस मिनिटांत आटोपली की आभार मानले गेले असे समजायचे का? सीमाभागातल्या मंडळ्यांनी तरी या प्रश्नाचा थोडा अधिक विचार करायला हवा. आपल्याकडचा गायनमास्तर फक्त गाणी बसवत नाही, तो भाषाही जुळवतो.

एका बाकावर अनेक भाषा

आदिलाबादचेच पाहा. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी कानावर पडते. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात आणि कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि २०१६ मध्ये आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. नकाशे बदलले, सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. बिदर-भालकीची मुलगी नांदेडला, नांदेडची आदिलाबादला, हे आजही चालूच आहे.

चर्चचा इतिहासही असाच सरहद्दीवरचा. प्रॉटेस्टंट मंडळ्या पाहिल्या तर आदिलाबादकडे चर्च ऑफ साउथ इंडिया (स्थापना १९४७) आणि नदीपलीकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (स्थापना १९७०). कॅथलिकांमध्ये १९६२ साली चांदा मिशन केरळातील सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवले गेले. पुढे १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला आणि १९९९ मध्ये त्यातून आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत निघाला. म्हणजे मल्याळम बोलणारा धर्मगुरू, तेलुगू बोलणारे शेजारी आणि घरात मराठी किंवा कन्नड बोलणारे कुटुंब, असे चित्र इथे सहज दिसू शकते.

अशा ठिकाणी आजीच्या अंत्यविधीला कोणते गीत म्हणायचे? मुलाला मराठी हवे, सुनेच्या माहेरच्यांना कन्नड. दोन कडवी या भाषेत, दोन त्या भाषेत, आणि चाल अशी की दोन्हीकडच्यांना सूर लावता यावा. हा निर्णय कोणत्याही समितीत होत नाही. तो पेटीवर बसलेला माणूस क्षणभरात घेतो.

शब्द आपले, चालही आपली

हे काम सोपे नाही. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी इंग्रजी, जर्मन गीतांची भाषांतरे करून ती मूळ युरोपीय चालींवर बसवली. अडचण लगेच लक्षात आली. इंग्रजी गाण्यात शब्दातल्या आघाताला महत्त्व असते, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाला. चाल तीच ठेवली की मराठी शब्द ओढाताण होऊन मोडतो, कन्नडची गतही तीच.

यातून वाट काढली ती इथल्याच माणसांनी. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. झांज, मृदंग आणि आख्यान ही आपली ओळखीची तऱ्हा चर्चमध्ये आली. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक आले (१८६१-१९१९). कोकणातल्या करजगावात जन्मलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि ओवी उपासनेत आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी चर्चमध्ये गायली गेली.

कन्नड घरांनाही असाच अभिमान बाळगण्याजोगा वारसा आहे. बासेल मिशनचे फर्डिनांड किटेल (१८३२-१९०३) आपल्याला १८९४ च्या कन्नड-इंग्रजी कोशामुळे माहीत असतात. पण त्याआधी, १८६२ मध्ये, त्यांनी 'कथामाले' हे येशूचरित्र भारतीय छंदांत लिहिले होते, आणि १८७५ मध्ये नागवर्म्याचा छंदशास्त्रावरील जुना ग्रंथ संपादित करून छापला होता. परक्या देशातून आलेल्या माणसाने आधी आपले छंद शिकून घेतले आणि मग लेखणी उचलली. त्यांच्याकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ आहे.

टिळकांनी शब्द दिले, किटेलांनी छंदाची वाट दाखवली. पण ते शब्द दर रविवारी मंडळीच्या गळ्यात कोण उतरवत आले? गायनमास्तर. त्यांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाहीत.

पुस्तकात न छापलेले

आता मुद्द्याची गोष्ट. आपली गीतपुस्तके उघडून पाहा. बहुतेकांत शब्द असतात, स्वर नसतात. फार तर वर एखाद्या दुसऱ्या गाण्याचा उल्लेख करून 'चाल' लिहिलेली असते. ते दुसरे गाणे विस्मरणात गेले की तो उल्लेखही मुका होतो. चाल राहते ती मास्तरांच्या डोक्यात. कोणते गीत काळी दोनमध्ये घेतले तर वयस्कर बायकांचा आवाज पोहोचतो, कोणत्या ओळीनंतर मंडळीला श्वास हवा, कन्नड कडव्यात एक मात्रा जास्त येते ती कुठे जिरवायची, हे सगळे कागदावर नाही.

पेटीची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. हे युरोपातून आलेले वाद्य इथे कीर्तनात, नाटकात आणि चर्चमध्ये सारखेच रुळले. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत त्यावर बंदी घातली, कारण त्यात श्रुती नीट निघत नाहीत आणि मींड येत नाही. त्या तीन दशकांत रेडिओवर पेटी गप्प होती, तरी गावोगावच्या उपासनांत आणि देवळांत ती वाजतच राहिली. वाजवणाऱ्यांनी ती टिकवली.

म्हणून मास्तर थांबतात तेव्हा एक माणूस निवृत्त होतो एवढेच घडत नाही. नोंद करून घेतली नाही, तर दहा-वीस चालीही त्यांच्याबरोबर जातात. मराठी-कन्नड मिश्र मंडळ्यांत हा धोका अधिक, कारण दोन भाषांना एका चालीत बांधण्याची त्यांची युक्ती ना मराठी पुस्तकात सापडते, ना कन्नड.

बाखचे कागद

याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत, सत्तावीस वर्षे, लाइपझिग शहरातील चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. त्याच्यामागे पत्नी अ‍ॅना माग्डालेना हिचे दिवस हलाखीत गेले आणि १७६० मध्ये ती धर्मादाय मदतीवर जगत असतानाच वारली. शहराने मानलेले आभार हे असे!

त्याच्या संगीताचे काय झाले? पत्नीने आपल्या वाट्याच्या गायन-वादनाच्या प्रती शाळेकडे दिल्या, त्या टिकल्या. थोरल्या मुलाच्या वाट्याला गेलेल्यांपैकी पुष्कळ विकल्या गेल्या, विखुरल्या, नाहीशा झाल्या. एकाच माणसाचे काम, पण संस्थेच्या कपाटात ठेवले ते राहिले आणि घरोघरी वाटले गेले त्यातले बरेच हरवले. आपल्या मास्तरांची वही आज कोणाच्या घरी आहे, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे.

मजोर्ड्याचा मुलगा

दुसरे उदाहरण गोव्याचे, आणि ते आनंदाचे आहे. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत 'मेस्त्रे', म्हणजे गुरुजी, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. मजोर्ड्याच्या चर्चमधील अशाच एका गायनप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) वडिलांकडे शिकला आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेला. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटात गुरूचे नाव गाण्यात आणले आणि ते देशभर पोहोचले. एका गावच्या चर्चमधील तालमीचे ऋण असे फिटले. शिष्याने नाव घेतले, याहून मोठे मानपत्र कोणते?

मग करायचे काय?

शाल द्यावीच. पण तिच्याआधी काही कामे करता येतील. मास्तर पद सोडण्यापूर्वी सहा महिने दर शनिवारी दोन-तीन गीते त्यांच्याकडून गाऊन घ्यावीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत. गीताचे नाव, भाषा, पट्टी आणि ताल त्यांच्याच तोंडून सांगून घ्यावा. संगीत शिकलेल्या एखाद्या तरुणाने त्या चाली भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहाव्यात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करून 'क्रमिक पुस्तक मालिका' छापली नसती, तर त्यांतल्या कितीतरी आज ऐकूही आल्या नसत्या. आपले काम त्या मानाने फारच छोटे आहे.

वहीची एक प्रत चर्चच्या कपाटात ठेवावी, मूळ वही मास्तरांकडेच राहू द्यावी. नवा गायनप्रमुख एकटा निवडू नये, मराठी आणि कन्नड दोन्ही गळ्यांचे दोघे-तिघे तयार करावेत. मानधनाचा विषय नव्या माणसाच्या वेळी तरी उघडपणे बोलावा. आणि पद सोडल्यावर मास्तरांना खरोखर मोकळे सोडावे. दर अंत्यविधीला "तुम्हीच या" म्हणून बोलावणे हा मान नव्हे.

घरच्यांचेही आभार मानायला हवेत. कित्येक नाताळांच्या आदल्या रात्री ज्या घरी जेवण निवून गेले आणि मुले वाट पाहत झोपली, त्या घरच्या माउलीला व्यासपीठावर बोलावून दोन शब्द बोलावेत.

२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा, संगीतकारांच्या आश्रयदात्रीचा सण. त्या आठवड्यात आपल्या मंडळीत एक उपासना अशी ठेवा, की तिच्यात मास्तरांनी बसवलेली गीतेच गायली जातील, मराठीही आणि कन्नडही. त्या दिवशी मास्तरांनी पेटीवर बसू नये. मधल्या बाकावर, घरच्यांच्या शेजारी बसावे आणि इतक्या वर्षांनी एकदा नुसते ऐकावे.