बाइट-क्रम आणि बाइटांची अदलाबदल : अध्यापनाच्या दृष्टीने विवेचन

प्रास्ताविक

सी भाषेतील प्रोग्राम प्रयोगशाळेतील संगणकावर बिनचूक चालतो. पण वेगळ्या प्रकारच्या यंत्राने तयार केलेली फाइल वाचताना तोच भलतीच संख्या दाखवतो. विद्यार्थी आपल्या तर्कात चूक शोधत बसतो. दोष मात्र बाइटांच्या क्रमात असू शकतो. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे विवेचन हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या मराठी, कन्नड व उर्दू लिप्यांच्या आधारे केले आहे.

संकल्पना

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या अनेक बाइटांत विभागावी लागते. मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवल्यास बिग-एंडियन आणि लहान स्थानमूल्याचा आधी ठेवल्यास लिटल-एंडियन क्रम म्हणतात. मोटोरोला ६८००० पहिल्या प्रकारचा, तर इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर दुसऱ्या प्रकारचे होत. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) मध्ये जे भांडण आहे, त्यावरून डॅनी कोहेन यांनी १९८० साली ही नावे संगणकशास्त्रात आणली.

क्रमाचा हा भेद आपणांस नवा नाही. पंचवीस लिहिताना दोन आधी येतो, उच्चारताना पाच. भूतसंख्या पद्धतीत तर एकं स्थानचा अंक प्रथम सांगत.

लिप्यांचे उदाहरण

युनिकोडमध्ये मराठी 'क'चा हेक्साडेसिमल क्रमांक ०९१५ आहे. यूटीएफ-१६ मध्ये तो ०९ व १५ अशा दोन बाइटांत साठवतात. ते उलट वाचल्यास १५०९, म्हणजे कॅनडातील आदिवासी भाषांच्या लिपीतील एक अक्षर मिळते. कन्नड 'क' (०सी९५) उलटून चिनी चित्राक्षर होतो. उर्दू अलिफचे (०६२७) दूरध्वनीचे चिन्ह होते. म्हणून फाइलच्या आरंभी एफईएफएफ हे क्रमदर्शक चिन्ह ठेवता येते. ते उलटल्यास मिळणारा एफएफएफई हा क्रमांक कोणत्याही अक्षराला दिलेला नाही, त्यामुळे चूक लगेच ओळखता येते. यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम ठरलेलाच असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

अदलाबदल कोठे करावी ?

इंटरनेट प्रोटोकॉलच्या शीर्षकांतील संख्या बिग-एंडियन क्रमाने जातात. लिटल-एंडियन यंत्रावरून पोर्ट क्रमांक ८० तसाच पाठवल्यास तो २०४८० ठरतो. यासाठी सी भाषेत एचटीओएनएस हे फंक्शन वापरतात. मात्र दोनदा केलेली अदलाबदल न केल्यासारखीच असते. म्हणून ती प्रोग्रामभर विखुरलेली नसावी. माहिती जेथे आत येते वा बाहेर जाते तेथेच एकदा व्हावी.

याहून सोपा मार्ग म्हणजे यंत्राचा क्रम विचारायचाच नाही, फाइलचा विचारायचा. फाइल बिग-एंडियन असल्यास पहिला बाइट गुणिले २५६ अधिक दुसरा बाइट. लिटल-एंडियन असल्यास दुसरा गुणिले २५६ अधिक पहिला. हे सूत्र सर्व यंत्रांवर एकच उत्तर देते.

समारोप

प्रयोगशाळेतील सर्व संगणक लिटल-एंडियन असतील, तर सदोष प्रोग्रामही तेथे उत्तीर्ण होतो आणि विद्यार्थी चुकीची सवय घेऊन बाहेर पडतो. यास्तव अध्यापकांनी प्रात्यक्षिकासाठी एकच संख्या दोन्ही क्रमांनी लिहिलेल्या दोन फाइली द्याव्यात आणि दोन्हींतून तीच संख्या वाचणाऱ्या प्रोग्रामलाच पूर्ण गुण द्यावेत.