मुंबईचा आर्चबिशप कोणी नेमायचा?

मुंबई महाधर्मप्रांताचा इतिहास म्हणजे दोनशे वर्षांचं भांडण. पोर्तुगीजांकडून आंदण म्हणून मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी चर्च गोव्याच्या आर्चबिशपांच्याच ताब्यात राहिली. पोर्तुगीज पाद्र्यांवर इंग्रजांचा भरवसा नव्हता. १७२० मध्ये इंग्रजांनी त्यांना बाहेर काढलं आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना आणलं. तेव्हापासून पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा हक्क म्हणजे ‘पाद्रोआदो’ आणि रोमची धर्मप्रसार संस्था ‘प्रोपगांडा’ अशा दोन सत्ता एकाच शहरात नांदू लागल्या. १८८६ मध्ये मुंबई महाधर्मप्रांत झाली खरी, पण साष्टी आणि वसई दमणच्या बिशपांकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या, भातशेती आणि मासेमारी करणाऱ्या इथल्या ख्रिस्ती माणसांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

रोम आणि पोर्तुगाल यांच्या १९२८ च्या तडजोडीत दमणचा धर्मप्रांत मोडून साष्टी-वसई मुंबईला जोडली गेली. आर्चबिशपपदी एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश माणूस बसेल असंही ठरलं. भारतीयाला जागाच नव्हती!

ही कोंडी फोडली ती त्याच व्यवस्थेतून आलेल्या ब्रिटिश आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. १९३७ मध्ये नेमणूक झालेल्या या जेझुइटांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतलं आणि पुढे कारभार त्यांच्यावर सोपवून ते भारताबाहेर निघून गेले. पद त्यांचंच राहिलं, काम ग्रेशस करत राहिले. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. हातातलं पद दुसऱ्यासाठी असं मोकळं करणारी माणसं धर्मसत्तेत काय किंवा राजसत्तेत काय, विरळाच. मला तरी या सगळ्या इतिहासातलं हेच पान सर्वांत मोलाचं वाटतं.

१९५३ मध्ये ग्रेशस पहिले भारतीय कार्डिनल झाले. त्यांची लाल टोपी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये जपून ठेवली आहे. १९६४ च्या युकेरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप.

शाळा, दवाखाने, १८५० पासून चालू असलेलं ‘एक्झामिनर’ साप्ताहिक हा पसारा शहराला ठाऊक आहे. वसईकरांना मात्र आपल्या भाषेत बोलणारा आपला बिशप मिळायला १९९८ उजाडावं लागलं. त्या वर्षी वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे हे वसईचेच सुपुत्र तिथले पहिले बिशप झाले. तिथे मिस्सा मराठीत होते. ‘सुवार्ता’ मासिक मराठीत निघतं. त्याचे अनेक वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.