यंत्राची चालती घोडी

जुन्या घरांत उखळ जमिनीत पुरलेले असे आणि जात्याला एक कोपरा कायमचा नेमून दिलेला असे. त्यामागे केवळ रीत नव्हती. ज्या साधनावर जोर लावायचा, ते साधनच जोराबरोबर सरकू लागले की निम्मे श्रम वाया जातात, हे कांडणाऱ्या-दळणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नव्हते. कारखान्यातील यंत्रांनाही हाच न्याय लागू पडतो. मोठ्या कारखान्यांत यंत्रासाठी काँक्रीटचा पाया घालतात, त्यात बोल्ट रोवतात आणि यंत्र त्यावर जखडून टाकतात.

परंतु ज्याचा कारखाना म्हणजे घरामागची दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब पत्र्याची शेड, त्याने काय करावे? कोल्हापूर, राजकोट, लुधियाना, हावडा, कोइमतूर अशा गावांत यंत्रकामाचा बराच भाग अशाच लहान जागांतून चालत आला आहे. तेथे भोके पाडण्याचे ड्रिल यंत्र, धार लावण्याचे ग्राइंडर आणि वेल्डिंगची जागा ही सारी एकमेकांना खेटून असतात. लांब पट्टीला भोक पाडायचे तर यंत्राच्या दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात; फाटकाची चौकट जोडायची तर सगळी जमीनच मोकळी हवी. मग यंत्र हलवणे आले. दोघे जण ते कवेत धरून, डुलवत डुलवत सरकवतात. बहुधा ते नीट सरकते. एखादे वेळी मात्र ते कलते आणि त्याखाली सापडलेला पाय कारागिराला कित्येक महिने घरी बसवतो. रोजच्या कामावर चूल पेटणाऱ्या घरात एवढे पुरेसे होते.

यावर उपाय म्हणून यंत्राखाली चाकांची बैठक बसवतात. अशा बैठकीला आपल्याकडे घोडी म्हणतात. घोडी चालती करणे सोपे आहे. पण चालणारी घोडी कामाच्या वेळी उखळासारखी निश्चल उभी करणे, हा खरा प्रश्न आहे.

पहिला विचार तोलाचा. उभ्या खांबाच्या ड्रिल यंत्राची मोटर आणि कप्प्या वरच्या टोकाला असतात, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य उंच असतो. समजा, घोडीसह यंत्राचे वजन १२० किलो आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि बैठक ६० सेंटिमीटर रुंद आहे. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा बैठकीच्या मधोमध पडेल आणि तेथून प्रत्येक कड ३० सेंटिमीटर दूर राहील. यंत्र सुमारे १८ अंश कलले की ओळंबा कडेबाहेर जातो आणि मग ते सावरत नाही. चाक फटीत अडकले असताना १५० सेंटिमीटर उंचीवर हात ठेवून कोणी ढकलले, तर २४ किलोचा जोरही यंत्र उलथवण्यास पुरतो. तोच हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवला तर उलथवण्यास ६० किलोचा जोर लागेल. यंत्र ढकलताना वाकून खालून ढकलावे, या जुन्या कारागिरांच्या सांगण्यात एवढे गणित आहे.

तोल वाढवण्याचे मार्ग दोन. बैठक ८० सेंटिमीटर रुंद केली, तर उलथण्याचा कोन १८ अंशांवरून २४ अंशांवर जातो. पण अरुंद शेडमध्ये रुंद बैठक पायांत येते. तेव्हा दुसरा मार्ग बरा. घोडीच्या तळाशी पेटी करावी आणि तीत लोखंडाचे तुकडे किंवा वाळू भरावी. जमिनीपासून १० सेंटिमीटरवर ४० किलो भार ठेवला, तर वरच्या उदाहरणातील गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवरून ७० वर उतरतो. बैठक तेवढीच राहते आणि तोल जवळजवळ ८० सेंटिमीटर रुंदीच्या घोडीइतका साधतो.

दुसरा विचार चाकांचा. तीन दगडांची चूल कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, कारण तीन टेकू एकाच वेळी जमिनीला टेकतातच. म्हणून तीन चाकांचा मोह होतो. परंतु त्रिकोणी बैठकीत मध्यापासून कड फार जवळ असते आणि डोईजड यंत्र त्या कडेवरून लवकर उलथते. चूल बुटकी असते म्हणून तिला तीन दगड पुरतात. उंच यंत्राला चारच चाके हवीत. मात्र ओबडधोबड फरशीवर चार चाकांपैकी एखादे अधांतरी राहते आणि बहुतेक सारा भार समोरासमोरच्या दोन चाकांवर पडतो. म्हणून एकूण वजनाचे चार भाग करून चाक निवडणे चुकीचे होय. १२० किलोच्या यंत्राला प्रत्येक चाक निदान ६० किलो पेलणारे घ्यावे.

चाक जितके मोठे तितके ते अडथळा सहज ओलांडते. वाटेत ६ मिलिमीटर उंचवटा आला, तर ५ सेंटिमीटर व्यासाचे चाक त्यावर चढवण्यास त्या चाकावरील भाराच्या सुमारे ८५ टक्के जोर लागतो. १० सेंटिमीटरच्या चाकाला ५५ टक्क्यांच्या आतच भागते. दोन चाके सरळ आणि दोन वळणारी ठेवली, म्हणजे घोडी मुकाट्याने वळते. वळणारे चाक आतल्या बाजूला फिरले की त्याचा टेकणारा बिंदूही आत सरकतो आणि बैठक तेवढी अरुंद होते. म्हणून बैठकीची रुंदी चाके आत वळवूनच मोजावी.

तिसरा विचार स्थैर्याचा, आणि बहुतेक घोड्या येथेच फसतात. चाकाला ब्रेक लावला म्हणजे यंत्र स्थिर झाले, अशी समजूत असते. ब्रेक चाकाचे फिरणे थांबवतो. पण रबराचे दबणे आणि वळत्या चाकाच्या खिळीतील ढिलाई तशीच राहते. यंत्र थरथरते, भोक वाकडे पडते. बैल सोडल्यावर गाडीवान चाकाखाली दगड सारतो, तो गाडी घरंगळू नये म्हणून. येथे तेवढ्याने भागत नाही. येथे कामाच्या वेळी चाकांवर भारच असता कामा नये. यासाठी घोडीच्या चारही कोपऱ्यांत नट वेल्ड करून त्यांतून १६ मिलिमीटरचे बोल्ट खाली सोडावेत. या बोल्टाचे सर्वसाधारण आटे २ मिलिमीटरचे असतात. एका फेऱ्यात कोपरा तेवढा उचलला जातो. चारही बोल्ट पाळीपाळीने आवळून चाके जमिनीवरून किंचित सुटली, की घोडी आपल्या पायांवर उभी राहते. फरशीचा उंचसखलपणाही त्यातच भरून निघतो. चौकट ५० मिलिमीटरच्या अँगलची पुरते. मात्र प्रत्येक बाजूला एक तिरपी पट्टी द्यावी. चौकोन जोराने तिरका होतो, त्रिकोण होत नाही.

सगळीच यंत्रे चाकांवर घालू नयेत, हेही सांगितले पाहिजे. लेथची शय्या स्पिरिट लेव्हलने समतल केलेली असते. ती जागेवरून हलवताना जराशी पिळली गेली, तरी कातलेला दांडा एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड निघतो. शेड लहान असेल तर लेथला कोपरा कायमचा द्यावा आणि इतरांना चालते करावे.

यंत्र हलवण्यापूर्वी वीज तोडून वायर गुंडाळून ठेवावी. लोखंडी घोडीला अर्थिंगची तार जोडलेली असावी. तीन फेजची मोटर दुसऱ्या सॉकेटला जोडली, तर ती उलटी फिरण्याचा संभव असतो. म्हणून काम लावण्याआधी क्षणभर चालू करून दिशा पाहावी.

या घोडीला लागणारे सामान फारसे महाग नाही आणि कष्ट दोन दिवसांचे आहेत. त्यातून शेड वाढत नाही; पण तीच जमीन सकाळी भोके पाडण्यास, दुपारी जोडकामास आणि संध्याकाळी माल मांडण्यास उपयोगी पडते. शिवाय, दिवस मावळल्यावर कारागीर आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी जातो. चांगली घोडी हाकेसरशी चालते आणि थांबवली की थांबते. यंत्राच्या घोडीकडूनही याहून अधिक अपेक्षा नाही. आणि याहून कमीवर समाधान मानणे मात्र धोक्याचे आहे.