पेटीतील मोटार आणि अंगणातील मोटार

खेळणे आणि प्रतिकृती हे दोन शब्द आपण सामान्यतः एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. पेडण्याहून सावंतवाडी काही लांब नाही. तेथील चितार आळीत मिळणारी लाकडी फळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतील. ती फळे पाहून एखाद्या पाहुण्याने हात पुढे केला, तर त्यात नवल नाही. तथापि त्याच आळीतील लाकडी मोटार हाती घेतली म्हणजे ती कोणत्या मोटारीसारखी आहे हे सांगता येत नाही. तिला चार चाके आहेत, रंग झळझळीत आहे, ती ओढली की चालते. लहान मुलास याहून अधिक काय हवे? ती खेळणे होय. जी वस्तू मूळ वस्तूच्या प्रत्येक अंगाशी एकाच ठराविक प्रमाणात लहान केलेली असते, ती प्रतिकृती.

अशा प्रतिकृतींचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत घालून विकण्याची प्रथा गेल्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. आम्ही या पेटीला ‘संच’ म्हणू. तिचा उगम मुलांच्या खेळात नसून मोठ्यांच्या व्यापारात आहे, हे वाचून आम्हांस मौज वाटली. इंग्लंडात निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली एअरफिक्स ही कंपनी काढली. तिने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनविली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकांपुढे ठेवता यावी म्हणून. अमेरिकेतही १९४८ साली निघालेली एएमटी ही कंपनी प्रथम मोटारविक्रेत्यांसाठीच नव्या मोटारींच्या तयार प्रतिकृती करीत असे. जोडावयाचे संच तिने पुढे १९५८ साली आणले. जपानातील शिझुओका येथील तामिया तर मुळात लाकडाचे व्यापारी. ते आधी लाकडी प्रतिकृती करीत. १९६० साली त्यांनी ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिकचा संच काढला. त्याच सुमारास आपल्या डिचोलीकडील खाणींचे लोखंडी खनिज मांडवीतून बार्जींनी मुरगाव बंदरात जाऊन मोठ्या प्रमाणावर जपानला रवाना होत असे. प्लॅस्टिकचे भाग ज्या साच्यांत ओततात ते साचे पोलादाचे असतात. आमच्या मातीचा एखादा कण त्या साच्यांत गेला असेल काय, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. त्याला पुरावा मुळीच नाही.

याच तामिया कंपनीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पोर्श मोटारीचा मोठा संच १९७६ साली काढण्यापूर्वी कंपनीच्या प्रमुखांनी एक खरी पोर्श विकत घेतली आणि ती खोलून तिचा भाग न् भाग मोजला. खेळण्याच्या कारखानदाराने असा खर्च केला नसता. प्रतिकृतीचे मर्म रंगात किंवा चिकटविण्यात नसून मोजण्यात आहे, हे यावरून ध्यानात येते.

आता प्रमाणाविषयी. मोटारींचे संच बहुधा १/२४ किंवा १/२५ या प्रमाणात असतात. १/२४ म्हणजे खऱ्या मोटारीचा एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच. १/४३ हे विचित्र वाटणारे प्रमाण खेळण्यातील आगगाडीपासून आले. तेथे एका फुटास सात मिलिमीटर धरीत. आकडा चोवीस असला तरी प्रतिकृती मूळ मोटारीच्या चोवीसपट लहान असते असे म्हणणे मात्र अपुरे आहे. लांबी चोवीसपट कमी होते. पत्र्याचे क्षेत्रफळ २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पट कमी होते. आणि घनफळ १३,८२४ पट. अँबॅसॅडर मोटारीचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅम धरले आणि तिची प्रतिकृती त्याच लोखंड-काचेची केली, तर ती जेमतेम ८० ग्रॅम भरेल. पत्र्याची जाडी एक मिलिमीटर धरली तर प्रतिकृतीत ती वहीच्या कागदाहूनही कमी व्हावयास हवी. प्लॅस्टिकचा भाग तितका पातळ ओतता येत नाही. म्हणून संचातील मोटारीच्या भिंती, खऱ्या मापात सांगावयाचे तर, इंचभर जाड असतात. दार उघडे ठेवले की ही लबाडी दिसते. जाणते कारागीर दाराची कड आतून घासून बारीक करतात व आपल्या डोळ्यांस फसवितात.

संचातील भाग एका चौकटीला जोडलेले असतात. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात ज्या वाटांनी शिरते, त्या वाटांतच थिजलेल्या प्लॅस्टिकची ती चौकट होय. भाग मोडून काढू नयेत, कातरीने कापून कड पॉलिश पेपरने घासावी. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन जातीचे. चतुर्थीच्या मखरासाठी पूर्वी घरोघर वापरला जाणारा थर्मोकोलही त्याच द्रव्याचा, फक्त हवा भरून फुगविलेला. थर्मोकोलवर फवाऱ्याचा रंग मारला की तो खड्डे पडून विरघळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला संचाचा गोंद निराळा समजावून सांगावयास नको. तो गोंद डिंकासारखा दोन भागांमध्ये बसत नाही; तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्राव उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणूनच तो थेंबभरच लावावा, खिडकी उघडी ठेवून लावावा आणि जवळ दिवा किंवा निखारा नसावा.

रंगाच्या बाबतीत आमची फजिती झाली. आम्ही चौघांनी वर्गणी काढून मागविलेला पहिला संच जुलै महिन्यात रंगविला. रंग लाल होता. तासाभरात टपावर साखर पेरल्यासारखा पांढुरका पडदा आला. आम्ही रंगाला दोष दिला, पण दोष पावसाचा होता. किंबहुना आमच्या उतावळेपणाचा. रंगातील द्राव झपाट्याने उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. मातीच्या घागरीत पाणी गार होते तेही याच न्यायाने. गोव्यात पावसाळ्यात हवा वाफेने भरलेली असते. ती वाफ त्या गार पृष्ठभागावर दवासारखी जमते आणि ओल्या रंगात अडकून बसते. चतुर्थी उलटून ऊन कोरडे झाल्यावर आम्ही टप घासून पुन्हा हलके थर दिले, तेव्हा कोठे तो लाल झाला.

संग्राहकांविषयी दोन शब्द. काही लोक संच जोडतच नाहीत; बंद पेटी जपून ठेवतात, कारण बंद पेटीला मोल अधिक. आम्हांस हा छंद उमगत नाही. पुस्तकाची पाने न फाडता ते कपाटात ठेवण्यासारखेच ते झाले.

परंतु आमची खरी अडचण वेगळी होती. पेट्यांवरील चित्रांत पोर्श होती, फेरारी होती, अमेरिकेच्या लांबलचक मोटारी होत्या. आपल्या रस्त्यावरची एकही नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर आपल्या वाटांवर ज्या अँबॅसॅडर व फियाट धावल्या, ज्यांत बसून आमचे आईबाप लग्नाला गेले, त्यांची तयार खेळणी बाजारात दिसतात, पण जोडावयाचा संच आम्हांस मिळाला नाही. डिचोलीच्या खाणींवरील टिपर ट्रकचीही तीच गोष्ट. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा ते ट्रक आवारांत ओळीने उभे राहिले व त्यांच्या चाकांतून गवत वाढले. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात बंद पडले. जे पुन्हा होणार नाही ते कोणी तरी मोजून ठेवावयास हवे.

आमच्यापैकी एकाच्या शेजारी पूर्वी टॅक्सी चालविणारे एक आजोबा राहतात. त्यांची अँबॅसॅडर अंगणात माडाखाली उभी होती आणि ती भंगारात द्यावयाची ठरली होती. आम्ही मेजरिंग टेप, ओळंबा व वही घेऊन गेलो. आजोबा ओटीवरून म्हणाले, “अरे, माप कसले घेता? तिला काय सदरा शिवणार आहात?” आम्ही म्हटले, “आजोबा, तिची लहान बहीण करणार आहोत.” मग ते स्वतःच उतरून आले आणि टेपचे एक टोक धरून उभे राहिले.

पुढील व मागील चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर आम्हांस २ मीटर ४६ सेंटिमीटर भरले. छापील माप २४६४ मिलिमीटर आहे. आमच्या टेपची अब्रू राहिली. एकूण लांबी ४३२५ मिलिमीटर, म्हणजे १/२४ प्रमाणात सुमारे १८० मिलिमीटर. रुंदी १६६२, म्हणजे ६९. उंचीत मात्र आम्ही चार सेंटिमीटर कमी भरलो. आम्ही गोंधळलो, तेव्हा आजोबांनी पायाने टायर दाबून दाखविला. टायर बसले होते आणि पाटेही थकले होते. आता प्रतिकृती कारखान्यातून निघालेल्या गाडीची करावयाची की या अंगणातल्या गाडीची? आमच्यात वाद झाला. शेवटी अंगणातल्या गाडीचा पक्ष जिंकला.

टपाचा बाक सरळ पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी आम्ही टपाच्या वर दोरी ताणून आडवी बांधली आणि दर दहा सेंटिमीटरवर दोरीपासून टपापर्यंतचे अंतर लिहून घेतले. ते बिंदू आलेखकागदावर मांडून जोडले, तेव्हा ओळखीचा तो फुगीर टप कागदावर उमटला. भूमितीच्या तासास आलेखकागद इतक्या आनंदाने आम्ही कधी वापरला नव्हता. त्या रेषेवरून पुठ्ठ्याचे काप करून सांगाडा उभा केला आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा गरम पाण्यात मऊ करून बसविला.

मागील दिव्यांची उंची घ्यावयाची राहिली होती. दुसऱ्या रविवारी गेलो तो माडाखाली चार चाकांच्या खुणा आणि तेलाचा डाग एवढेच उरले होते. टेम्पो शुक्रवारीच येऊन गेला होता. सुदैवाने गाडीचे मागून घेतलेले एक छायाचित्र आमच्याजवळ होते. त्यात गाडीची रुंदी ८३ मिलिमीटर भरली. खरी रुंदी १६६२. म्हणजे छायाचित्रातील एक मिलिमीटर खऱ्या गाडीवरील सुमारे २० मिलिमीटर. दिवे जमिनीपासून ३६ मिलिमीटरवर दिसतात, तेव्हा खरी उंची ७२० मिलिमीटर आणि प्रतिकृतीत ३०. छायाचित्र घेताना कॅमेरा किंचित वर धरला गेला होता, त्यामुळे या आकड्यात थोडीफार चूक आहेच. वहीत तो आम्ही पेन्सिलीने लिहिला आहे. बाकीचे सर्व शाईने आहेत.