न फुलणाऱ्या केवड्याची ओळख

हरतालिका व गणेशचतुर्थी जवळ आली की बाजारात केवड्याच्या कणसांना गिऱ्हाईक येते. नेमक्या त्याच दिवसांत तारकर्लीसारख्या पुळणीच्या गावात एखाद्या परड्यातील केवडा नुसत्या पातींनी भरून उभा दिसतो. सहा-सात वर्षे वाट पाहिलेला घरधनी त्यास वांझ ठरवून तोडावयास निघतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा वेळी प्रथम झाड कोणते आहे, हे नीट पाहावे.

केवड्यात नर व मादी अशी झाडे निरनिराळी असतात. लोक ज्यास केवडा म्हणतात, ते पांढरट-पिवळसर वेष्टनातील सुगंधी कणीस केवळ नर झाडावर येते. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात अत्तर व केवडाजल काढतात, तेही याच नर कणसांपासून. मादी झाडाचा फुलोरा हिरवट असून पातींच्या गर्दीत सहसा नजरेस येत नाही. पुढे त्याचे अननसासारखे फळ होते व ते पिकल्यावर नारिंगी-तांबडे दिसते. तेव्हा जुन्या झाडाखाली अशा फळाच्या गळून पडलेल्या फाकी सापडल्या, तर ते झाड वांझ नसून मादी आहे. ते आपल्या परीने फुलून गेले आहे, परंतु कणीस मात्र कधीही देणार नाही. कितीही खत घातले तरी यात बदल होत नाही.

अडचण ही की, फुलोरा येईपर्यंत नर-मादी भेद पातींवरून कळत नाही. बियांपासून उगवलेले रोप नर निघेल की मादी, हा केवळ दैवाचा भाग होय. याउलट बुंध्याजवळचा फुटवा किंवा फांदीचा तुकडा मूळ झाडाच्याच जातीवर जातो. म्हणून ज्या झाडाचे कणीस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचाच फुटवा पावसाळ्याच्या आरंभी लावावा. अशा लागवडीसही पहिले कणीस येण्यास साधारणतः तीन-चार वर्षे लागतात. तोवर धीर धरावा. माडांच्या दाट सावलीत वाढलेले झाड मागे पडते, हेही ध्यानी असावे.

पुष्कळ घरी मात्र घोटाळा निराळाच असतो. केवडा म्हणून लावलेले झुडूप प्रत्यक्षात बासमती पात असते. काही ठिकाणी यास अन्नपूर्णा म्हणतात. भाताच्या आधणात पातीचा तुकडा टाकणाऱ्या गृहिणींना ते चांगले परिचित आहे. केवड्याच्या पातीस दोन्ही कडांना व पाठीमागील शिरेवर तीक्ष्ण काटे असतात, पण पातीस वास नसतो. बासमती पातीच्या कडा जवळजवळ गुळगुळीत, काटे असलेच तर टोकाकडे. आणि पात कोमेजली किंवा उकळली की सुवासिक तांदळाचा वास येतो. दोहोंतील सुगंधी द्रव्य एकच आहे. रॉक्सबर्ग यांनी या वनस्पतीचे वर्णन केले, ते 1832 साली प्रसिद्ध झाले. तिचा नर फुलोरा अतिशय क्वचित आढळला असून मादी फुलोरा अद्याप कोणास मिळालेला नाही. फुटव्यांवरच तिचा वंश चालतो. अशा झुडपाकडून कणसाची आशा न धरता पात हेच त्याचे उत्पन्न समजावे.

मादी केवडा परड्यात अडचणीचा वाटल्यास काढून त्या जागी नर फुटवा लावण्यास हरकत नाही. परंतु पुळणीच्या कडेस किंवा कर्ली नदीच्या काठावर उभा असलेला केवडा, मग तो नर असो वा मादी, तोडू नये. त्याच्या खोडापासून निघून जमिनीत रुतणारी आधारमुळे सुटी वाळू धरून ठेवतात. तेथील मादी झाडे जागेवरच राखावीत आणि कणसांसाठी नर फुटवे मोकळ्या उन्हात, मात्र जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर लावावेत. कणीस काढताना हातापायांस काटे लागतात, म्हणून लांब दांड्याची आकडी वापरावी.