वाऱ्यावर जगणारं गाव

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतं आणि मासेमारीचं बंदर म्हटलं की रत्नागिरी. पण हे दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर? फ्लुइड मेकॅनिक्सचं अवांतर वाचन करताना मला असं एक गाव सापडलं. नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबिया देशाचं ल्युडेरिट्झ. समोर अटलांटिक महासागर, पाठीशी नामिबचं वाळवंट. वर्षाचा पाऊस २० मिलिमीटरहूनही कमी! एवढा तर आपल्याकडे जुलैमध्ये मेसपर्यंत पोहोचेपर्यंत पडतो.

आता प्रश्न असा की समुद्र दारात असून पाऊस का नाही? आणि जमीन इतकी कोरडी असताना समुद्रात मासळी इतकी का?

गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे : वारा. इथे वर्षातले बहुतेक दिवस दक्षिणेकडून किनाऱ्याला समांतर असा जोराचा वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर सरकतं. ती जागा भरायला शे-दोनशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी वर येतं. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर. म्हणजे समुद्राला फुकटचं खतच! त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सार्डिनसारखे छोटे मासे, आणि त्यांच्यावर मोठे मासे, सील, पेंग्विन. बेंग्वेला प्रवाहाच्या या पट्ट्यात ल्युडेरिट्झजवळ पाणी वर येण्याचा जोर सर्वांत जास्त आहे.

पण तेच थंड पाणी वरच्या हवेलाही थंड करतं. खाली थंड, जड हवा आणि वर गरम, हलकी हवा. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. खालची हवा वर चढतच नाही, मग ढग उंच कसे होणार? वरून या भागात हवा मुळातच खाली उतरणारी. त्यामुळे मिळतं ते फक्त धुकं. आपल्या कोकणात उलट होतं. उबदार अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते आणि कोसळते.

गावाचा इतिहासही वाऱ्यानेच लिहिला. ऑरेंज नदीने समुद्रात आणलेले हिरे लाटांनी उत्तरेकडे ढकलले आणि वाऱ्याने वाळवंटात पसरवले. १९०८ साली झकारियास लेवाला हा रेल्वे कामगार रुळांवरची वाळू उपसत असताना त्याला एक चमकणारा खडा दिसला. तो हिरा निघाला! मग गावापासून दहाएक किलोमीटरवर कोलमन्सकॉप उभं राहिलं. दवाखाना, नाचघर, बर्फाचा कारखाना, सगळं काही. १९५६ पर्यंत तिथून शेवटची माणसंही निघून गेली. आज तिथल्या खोल्यांत वाळूचे ढीग आहेत.

हिरे संपतात हे समजू शकतं. पण मासे? खत तर वारा रोज देतोय. तरीही १९६८ मध्ये नामिबियाच्या समुद्रातून सुमारे १४ लाख टन सार्डिन काढले गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच साठा कोसळला. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला, परदेशी जहाजांना लगाम बसला, तरी सार्डिन पूर्वीसारखे परतले नाहीत. २०१८ मध्ये त्यांच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. त्यांची जागा बरीचशी जेलीफिशने घेतली. ल्युडेरिट्झजवळच्या बेटांवरचे पेंग्विन कमी पोषण देणाऱ्या गोबी माशांवर भागवू लागले आणि त्यांची संख्या घटली.

यात अजून एक धागा आहे. न खाल्लेल्या सूक्ष्म वनस्पती मरून तळाशी कुजतात, ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कधी कधी तो वायू उसळून पाणी दुधी-हिरवं दिसतं आणि मासे मरतात. सार्डिन असते तर त्यांनी यातल्या पुष्कळ वनस्पती फस्त केल्या असत्या, असं काही शास्त्रज्ञ मांडतात. म्हणजे आपण ज्याला नुसता माल समजलो, तो त्या यंत्राचा एक चालता भाग होता.

मित्रांनो, आपण परीक्षेत इनपुट वाढवला की आउटपुट वाढतो असं बिनधास्त लिहितो. या किनाऱ्यावर इनपुट तसाच चालू आहे. मधलं एक चाक काढून घेतलं आणि अर्धशतक उलटलं तरी ते परत बसलेलं नाही. उद्या आपल्यापैकी कुणी कोकणातल्या एखाद्या जेट्टीवर किंवा मत्स्यप्रकल्पावर काम करेल. तेव्हा आकडेमोडीआधी एवढं विचारावं : यातला कुठला भाग काढला तर पुन्हा बसवता येणार नाही?